मागे सहा, पुढे पाच: जुन्या सी-टेनसाठी घेतलेले पाच-बोल्टी अ‍ॅक्सल शाफ्ट

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. १९६७ ते १९७० मधल्या शेवरले सी-टेन पिकअप ट्रकला कुणी पुढे डिस्क ब्रेक बसवले असतील, त्यामुळे पुढच्या चाकांना पाच बोल्ट आले असतील आणि मागच्यांना अजून सहाच असतील, तर मागचे दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दांडे) बदला. अ‍ॅडॅप्टरच्या (शाफ्ट आणि चाक यांच्या मध्ये बसवून बोल्टांचा नमुना बदलणारी जाड चकती) नादी लागू नका. जुन्याच शाफ्टला नवी भोकं पाडून देतो म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही. आम्ही मागवलेल्या संचात दोन शाफ्ट, दोन ड्रम, बेअरिंग, ऑइल सील आणि दहा स्टड (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते आटेदार बोल्ट) होते. शाफ्ट उत्तम, ड्रम चांगले, स्टड सुमार, आणि सूचनांचा कागद नसल्यात जमा.

ट्रक १९६९ चा. मी आणि दादा, दोघांच्या मालकीचा. दादाला इंजिन आणि रंग यांत रस. चाकांच्या वर जे काही असतं ते त्याचं. मी टूलरूममध्ये तपासणीचं काम करते, त्यामुळे मोजमापाची प्रत्येक कटकट आपोआप माझ्याकडे येते. आधीच्या मालकाने पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या होत्या आणि मागे हात लावला नव्हता. परिणाम असा, की ट्रकबरोबर दोन स्टेपन्या आल्या. एक पुढच्या चाकासाठी, एक मागच्या. पुढचं चाक मागे बसत नाही, मागचं पुढे बसत नाही, चाकांची अदलाबदल करून टायर सारखे झिजवायचे हा प्रकार बाद, आणि चारही एकसारखी रिम हवी असेल तर शोधायची कुठे?

हे त्रांगडं या ट्रकांमध्ये इतकं सर्रास दिसतं त्याला कारण आहे. १९७० पर्यंत अर्ध्या टनाच्या शेवरलेला सहा बोल्ट, साडेपाच इंची वर्तुळावर (सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ), म्हणजे १३९.७ मिमी. १९७१ मध्ये सी-टेनला पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्याबरोबर पाच बोल्ट, पाच इंची वर्तुळावर, म्हणजे १२७ मिमी. चारही चाकांवर चालणारा के-टेन मात्र सहावरच राहिला. आता १९७१-७२ चे स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि डिस्क आधीच्या वर्षांच्या ट्रकला फार झटापट न करता बसतात. म्हणून लोक पुढचं काम हौसेने करतात, ट्रक नीट थांबायला लागतो, आणि मागचं ‘नंतर बघू’ म्हणून राहतं ते राहतंच.

काहीही मागवण्याआधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते मोजा. आधीच्या मालकाने सांगितलं, जाहिरातीत लिहिलं होतं, रिमवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय, यातलं काहीही धरू नका. सहा बोल्टांचं मोजणं सोपं: समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच वर्तुळाचा व्यास. पाचाचं तसं नाही, कारण समोर स्टडच नसतो. अनेक जण एका भोकाच्या मागच्या कडेपासून दोन भोकं पलीकडच्याच्या मध्यापर्यंत टेप लावतात. त्यातून अंदाज येतो, पण साडेचार आणि पावणेपाच इंचांमधला फरक टेपवर ओळखायला जाल तर फसाल. मी व्हर्नियरने शेजारच्या दोन स्टडच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घेते, त्यातून एका स्टडचा व्यास वजा करते आणि उत्तराला १.७०१ ने गुणते. पाच इंची वर्तुळावर शेजारच्या स्टडच्या मध्यांमधलं अंतर ७४.६५ मिमी येतं, पावणेपाचवर ७०.९२, साडेचारवर ६७.१८. एवढा फरक व्हर्नियर लपू देत नाही.

प्लास्टिकचा चकतीसारखा गेजही मिळतो, भोकांवर ठेवून वाचायचा. तो दादाकडे आहे. घाईत दोन रिम वेगळ्या काढायला ठीक, पण ११४.३ आणि १२०.६५ मिमी (साडेचार आणि पावणेपाच इंच) यांच्या मधल्या जागेत तो जरा जास्तच दिलदार होतो. आणखी एक, १२० आणि १२०.६५ मिमी ही वेगळी मापं आहेत. पहिलं बीएमडब्ल्यूवर दिसतं, दुसरं जुन्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर. चाक बसल्यासारखं वाटतं, नट आवळताना स्टड किंचित वाकतो. ‘बसलं ना!’ म्हणून कुणी खूष झालं तर त्याच्या मागे गाडी चालवू नये.

आता अ‍ॅडॅप्टर. दादाने ओळखीच्याकडून एक जोडी आणून ठेवली होती, सहावरून पाचावर नेणारी, दोन इंच जाड अ‍ॅल्युमिनियमची. दिसायला सुबक, कातकाम स्वच्छ. त्याचं म्हणणं, ‘अगं, एका दुपारचं काम आहे, तू कशाला आख्खं डिफरन्शियल उघडायला निघालीस?’ मी वस्तू वाईट आहे असं म्हटलंच नाही. तिला इथे जे करायला सांगितलं जातंय ते वाईट आहे.

एवढी जाडी का लागते ते बघा. पाचावरून पाचावर जायचं असेल, समजा साडेचारवरून पाच इंचांवर, तर नवा नमुना ३६ अंशांनी फिरवायचा. प्रत्येक नवा स्टड दोन जुन्यांच्या बरोबर मध्ये येतो आणि मध्ये जवळपास ३८ मिमी जागा राहते. सगळे सुखात. सहा आणि पाच यांची मात्र अशी सोयरीक जमत नाही. एक नमुना ६० अंशांच्या टप्प्याने जातो, दुसरा ७२ च्या. कसाही फिरवा, एखादी जोडी एकमेकींच्या सहा अंशांच्या आत येतेच. साडेपाच इंचाचं सहा आणि पाच इंचाचं पाच घेतलं, तर त्या जोडीतल्या दोन मध्यांमधलं अंतर जास्तीत जास्त साडेनऊ मिमीच्या आसपास. तेवढ्या जागेत एका बाजूला हबचा (चाक जिथे जोडलं जातं त्या मूळ चकतीचा) नट आणि त्यावर पान्याची सॉकेट जाईल एवढा खड्डा, दुसऱ्या बाजूला चाकाचा स्टड. हे एकाच पातळीत मावत नाही, म्हणून बनवणारा धातू वाढवत जातो आणि जाडी दोन इंचांकडे सरकते.

दोन इंच म्हणजे प्रत्येक बाजूला चाक ५१ मिमी बाहेर. दोन्ही बाजू मिळून मागची रुंदी चार इंचांनी वाढली. आम्ही लावून पाहिलं, टायर मडगार्डच्या ओठाबाहेर डोकावत होता. दिसण्याचं सोडा, चाकाचा मध्य बाहेर गेला की बेअरिंगवर येणारा ताण वाढतो, आणि ते बेअरिंग पन्नास वर्षं जुन्या शाफ्टवर फिरतंय. शिवाय अ‍ॅडॅप्टरला हबशी धरून ठेवणारे नट चाकाच्या मागे लपतात. चाक उतरवल्याशिवाय ते तपासता येत नाहीत, आणि जे तपासायला त्रास होतो ते माणूस तपासत नाही. पाचावरून पाचावर जाणारा, हबच्या खांद्यावर नीट बसणारा, चांगल्या धातूचा अ‍ॅडॅप्टर आणि आत जाणाऱ्या ऑफसेटची (चाकाला आत सरकवणारी) रिम असं गणित असेल तर माझी ना नाही. आमचं गणित तसं नव्हतं.

भोकं पाडण्याच्या पर्यायाचा निकालही याच साडेनऊ मिमीने लागतो. एका मशीन शॉपने फोनवर सहज सांगितलं की जुना शाफ्ट आणा, पाच भोकं पाडून देतो. मी विचारलं, नवं भोक जुन्याला छेदेल त्याचं काय? ‘वेल्डने बुजवून घेऊ.’ शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) वेल्ड, आणि त्याच्या कडेला स्टड दाबून बसवणार! मी आभार मानून फोन ठेवला. स्टडच्या भोकांचे व्यास १२ ते १५ मिमी असताना मध्यांमधलं अंतर साडेनऊ असेल तर दोन भोकांचं एक लांबट भोक होतं, एवढं त्यालाही कळत असणार. ज्यांच्याकडे पाचाचा शाफ्ट आहे आणि पाचाचाच दुसरा नमुना हवा आहे, त्यांनी चांगल्या कारागिराकडून भोकं जरूर पाडून घ्यावीत. फक्त फ्लँजला बाहेरच्या कडेपर्यंत पुरेसा धातू उरतो का ते आधी बघावं.

एक चौथा रस्ताही आहे: मागे हात न लावता पुढेच सहा बोल्टांचे रोटर (डिस्क) बसवायचे. ते मिळतात. मूळ सहा बोल्टांची पोलादी रिम आणि छोटी टोपी यांवर ज्यांचा जीव आहे त्यांच्यासाठी हाच रस्ता योग्य. आमचे पुढचे रोटर जवळजवळ नवे होते आणि मागचं डिफरन्शियल गळत होतं. उघडायचंच होतं. तेव्हा काम मागेच करायचं ठरलं.

शाफ्ट मागवताना एकच काळजी घ्यायची, आपला अ‍ॅक्सल कोणता आहे त्याची. आमचा बारा बोल्टांच्या झाकणाचा, ट्रकवाला, ३० स्प्लाइनचा (शाफ्टच्या आतल्या टोकावरचे दाते), सी-क्लिपने (इंग्रजी C च्या आकाराच्या कडीने) धरलेला. कार आणि ट्रक, दोन्हींच्या अ‍ॅक्सलना बारा बोल्टांचं झाकण असतं, म्हणून नुसती झाकणाची बोल्टं मोजून मागवू नका. जुना शाफ्ट काढून फ्लँजच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंतची लांबी आणि स्प्लाइन मोजा, मग ऑर्डर द्या. यात एक-दोन दिवस ट्रक घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभा राहतो, राहू दे.

काढण्याचं काम वाटतं तेवढं भयंकर नाही. झाकण काढून तेल सांडू द्यायचं, क्रॉस पिनला अडकवणारा छोटा बोल्ट सोडायचा, पिन सरकवायची, शाफ्ट आत ढकलायचा, सी-क्लिप सुटते, शाफ्ट बाहेर. यातला तो छोटा बोल्ट म्हणजे खरा खलनायक. जुन्या ट्रकात तो तुटायला टपलेला असतो. आधी नीट स्वच्छ करा, बरोबर मापाचा पाना वापरा, जोर हळू द्या, आणि नवा बोल्ट हाताशी ठेवा. संचात तो नव्हता. द्यायला हवा होता, एवढीशी वस्तू आहे.

जुना शाफ्ट हातात आल्यावर दादाचा विरोध मावळला. या प्रकारच्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगला आतली कडी नसते, रोलर थेट शाफ्टवर फिरतात. रोलर फिरण्याच्या जागी दोन्ही शाफ्टवर खळगा पडला होता, नखाला लागेल इतका. म्हणजे नवं सील कितीही वेळा घातलं असतं तरी तेल ड्रममध्ये येत राहिलं असतं. अ‍ॅडॅप्टर लावले असते तर हा झिजलेला शाफ्ट आतच राहिला असता, वर दोन इंचांचा जादा भार घेऊन. दादा शाफ्टवरून अंगठा फिरवत म्हणाला, ‘बरं, तुझं खरं.’ हे वाक्य आमच्या घरात दुर्मीळ आहे म्हणून नोंदवून ठेवते.

नव्या शाफ्टचं काम बघून समाधान वाटलं. बेअरिंगची जागा घासून आरशासारखी केलेली, स्प्लाइनवर कुठे बर (कापताना उरलेली धारदार कड) नाही, फ्लँजवर बॅकिंग प्लेटच्या (ब्रेकचे भाग धरणाऱ्या पत्र्याच्या) बोल्टांसाठी सॉकेट जाईल असं मोठं भोक. बसवल्यावर फ्लँजच्या तोंडाला डायल (डगमग मोजणारा काटा) लावला. सी-क्लिपच्या शाफ्टला आत-बाहेर थोडा खेळ असतोच, म्हणून मोजताना शाफ्ट एका बाजूला दाबून धरावा लागतो, नाहीतर काटा वाटेल ते सांगतो. एका बाजूला ०.०४ मिमी, दुसरीकडे ०.०५. अशा वस्तूत मी याहून जास्तही चालवून घेतलं असतं. स्टड बसवल्यावर शेजारच्या दोघांच्या बाहेरच्या कडा ८७.३ मिमी, म्हणजे पाच इंच अगदी नेमके.

ड्रम ११ इंची, पाच बोल्टांचे. जुन्याच बॅकिंग प्लेटवर, जुन्याच शूजवर बसले. एका ड्रमचं मधलं भोक शाफ्टच्या खांद्यावर घट्ट येत होतं. कारण रंग. भोकाच्या आतही रंग मारला होता, तो खरवडल्यावर हाताने सरकला. हातोडीने ठोकून बसवलं असतं तर ड्रम तिरका राहिला असता आणि ब्रेक मारताना पेडल थरथरलं असतं. बनवणाऱ्याने रंग मारताना एक चकती झाकली असती तर हे टळलं असतं.

आता स्टड, ज्यांना मी सुमार म्हटलं. माप अर्धा इंच, इंचाला २० आटे. पोलादी रिमसाठी लांबी पुरते. आम्ही मिश्रधातूची रिम घेतली, तिचा बोल्टजवळचा भाग जाड. ड्रमची जाडी, रिमची जाडी, वर नट, असं केल्यावर नट जेमतेम सहा-सात फेरे चढत होता. आटे निदान स्टडच्या व्यासाएवढ्या लांबीत तरी धरलेले हवेत. अर्धा इंच आणि इंचाला २० आटे म्हणजे पूर्ण दहा फेरे. मी लांब स्टड वेगळे मागवून प्रेसवर दाबून बसवले. नट आवळून स्टड ओढून घेण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण त्यात आटे ताणले जातात, आणि खोबणीचे दात सरळ बसले की तिरके, हे कळत नाही. विक्रेत्याने दोन लांब्यांतून निवडायची सोय ठेवली तर हा संच जवळपास निर्दोष होईल.

स्टडच्या मापाकडेही लक्ष ठेवा. आमच्या मागच्या जुन्या स्टडचं माप ७/१६ इंच होतं, नवे अर्धा इंची. नटांचा जुना डबा ताबडतोब दुसरीकडे हलवला. अर्धा इंची नट १२ मिमीच्या स्टडवर एक-दोन फेरे जातो आणि मग घट्ट लागल्यासारखा वाटतो, आट्यांचा टप्पा वेगळा असूनही. एकाच ट्रकवर दोन प्रकारचे नट म्हणजे रात्री रस्त्याकडेला पंक्चर काढताना घोळ ठरलेला. आता चारही चाकांना एकच नट, एकच सॉकेट.

चारही कोपऱ्यांत पाच इंचाचे पाच झाले की रिमचा बाजार एकदम मोठा होतो. म्हणून लगेच हुरळू नये. २००७ नंतरच्या जीप रँगलर जेकेलाही हाच १२७ मिमीचा नमुना आहे, पण तिच्या रिमचं मधलं भोक ७१.५ मिमी आणि ऑफसेट आतल्या बाजूचा. बोल्ट जुळले म्हणून चाक जुळलं असं होत नाही. हब त्या भोकातून जातो का, रिमच्या आतल्या कडेपासून ब्रेकपर्यंत बोटभर जागा उरते का, सुकाणू पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, हे पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळं तपासा. नटाची बैठकही बघा. शंकूच्या आकाराची बैठक असेल तर शंकूचेच नट, चपटी असेल तर वॉशरवाले. लांबट भोकांची, दोन नमुन्यांना चालणारी रिम दादाला आवडली होती. मी त्या पानावरून त्याला पुढे नेलं.

सगळं बसवून ८०डब्ल्यू-९० गियर तेल भरलं, पार्किंग ब्रेकची वायर पुन्हा ताणली, नट ताऱ्याच्या क्रमाने आवळले, टॉर्क ८० फूट-पाउंड. अर्धा इंची स्टडला ७५ ते ८५ हा नेहमीचा पल्ला, रिमच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. पन्नास ते शंभर मैल चालवल्यावर पुन्हा पाना लावायचा. मिश्रधातूच्या नव्या रिमवर हे टाळू नये, आमचे दोन नट थोडे फिरले.

मागची थरथर गेली. तिचं श्रेय बोल्टांच्या नमुन्याला देऊ नका, झिजलेला शाफ्ट आणि बेअरिंग गेलं म्हणून ती गेली. ड्रममधलं तेल थांबलं. टायर मडगार्डच्या आत आहेत. आणि मागच्या हौद्याखालच्या जाळीत एकच स्टेपनी आहे, चारही बाजूंना लागते. एक चाक मुद्दाम काढून लावून पाहिली.

पाचपैकी चार तारे. एक तारा स्टडची लांबी, रंगवलेलं भोक आणि न दिलेला तो छोटा बोल्ट यांनी मिळून खाल्ला. दादाचे अ‍ॅडॅप्टर न वापरलेले पडून आहेत. कुणी मागायला आलं तर आधी ट्रक बघीन, मग देईन.